छतातला पडदा

चूक माझीच आहे. गाडीच्या छताला तो उघडमीट होणारा व्हिडिओचा पडदा मीच हौसेनं बसवून घेतला. लांबच्या प्रवासात मुलं भांडतात, ती गप्प बसावीत म्हणून.

परवा गावी जाताना कृष्णेचा पूल आला. मागे मुलांच्या मधे बसलेल्या आईनं नेहमीसारखी पिशवीतून नाणी काढली. "नदी आली रे. काच खाली करा, हात जोडा." मुलं मान वर करून कार्टून बघत होती. "आजी, हात मधे आणू नकोस ना," माझा मुलगा म्हणाला. त्याला दटावायचं सोडून मी आईवरच खेकसलो, "बसलेत ना गप्प? मग बसू दे की."

पूल मागे पडला. आरशात पाहिलं, तर आईच्या चेहऱ्याच्या जागी त्या पडद्याची काळी पाठ लोंबत होती. तो पडदाच ओरबाडून काढावा असं वाटलं. पण पडद्यानं काय केलं होतं? याच पुलावर, एसटीच्या खिडकीतून, माझी मूठ धरून आईनं मला नाणं टाकायला शिकवलं होतं. त्याच आईला मी गप्प बसवलं होतं. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

गाडी बाजूला घेतली आणि पडदा खटकन मिटला. मुलं ओरडली. ओरडू दिलं. गाडी वळवून पुलाकडे नेऊ लागलो.

"आता कशाला वळवतोस? उशीर होईल," आई म्हणाली. तिची मूठ अजून मिटलेलीच होती.

"होऊ दे. आई, मी चुकलो," मी म्हणालो. "एक नाणं मलाही दे."