ब्रीझे वेर्दिएरच्या फरशीवर साडीखालचा पट्टा

मॉरिशसला जायचं आमच्या घरात कुणी ठरवलंच नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर माझा मेहुणा अविनाश तिथल्या गुडलँड्स गावी कपड्यांच्या एका कारखान्यात मशीन बसवायला गेला आणि तिथेच रमला. त्यानं दोन तिकिटं पाठवली. मी मिरजेत शाळेत भूगोल शिकवत होतो. हिंदी महासागर मी फळ्यावर शंभरदा काढला असेल, पण समुद्र ओलांडून जायचं म्हटल्यावर मी तिकिटं कपाटात ठेवून दिली. सुधा, म्हणजे माझी बायको, एवढंच म्हणाली की तिकिटं आली आहेत तर वाया कशाला घालवायची.

आज तिकडे जायचे बेत करणाऱ्यांसाठी पहिली सूचना: मजबूत पट्टा घेऊन जा. हे मी गमतीनं सांगत नाही. माझा पट्टा मिरजेत मुद्दाम शिवून घेतलेला होता, दोन बोटं रुंद, जाड चामड्याचा, पितळी बकलचा. मुंबईच्या विमानतळावर बॅगेची कडी तुटली आणि आतले बेसनाचे लाडू बाहेर डोकावायला लागले, तेव्हा तोच पट्टा काढून मी बॅगेला आवळला. मग मॉरिशसला उतरेपर्यंत पँट एका हातानं धरून वावरलो. तिथल्या कस्टमवाल्यानं बॅगेकडे आणि माझ्या हाताकडे बोट दाखवून फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. मी 'लाडू' म्हणालो. तो दुसऱ्याला बोलावून आणू लागला, तेवढ्यात अविनाश काचेपलीकडून हात हलवताना दिसला आणि का कोण जाणे, त्यांनी आम्हाला सोडलं.

पुढचे आठ-दहा दिवस माझं डोकं गरगरतच होतं. विमानतळ बेटाच्या एका टोकाला आणि गुडलँड्स दुसऱ्या टोकाला, मध्ये सगळीकडे ऊस. उसातून गाडी जाताना वाटायचं की आपण मिरजेहून वाळव्याकडे निघालोय, आणि मग एकदम निळा समुद्र आडवा यायचा. रुपये म्हणावेत तर ते रुपयेच, पण आपले नव्हेत. देवळात मारुती, बाहेर फलक फ्रेंच, दुकानदार चिनी, आणि तो आमच्याशी हिंदीसारखं काहीतरी बोलायचा. गुडलँड्सच्या बाजारात धोल पुरी मिळते, वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी, वर चटणी आणि घेवड्याची उसळ. ती जरूर खा. एकीत भागत नाही, विकणारे जोडीच देतात. सुधाला ती फार आवडली. मला ती पुरणपोळी की पुरी हेच ठरवता येईना.

परतीच्या तीन दिवस आधी अविनाशनं सुचवलं की ब्रीझे वेर्दिएरला एका मराठी घरी जाऊन या. त्याच्या कारखान्यात शिलाईला असलेल्या एका मुलीचे आईवडील तिथे राहत होते. वडील बळीराम, आई रुक्मिणी. बळीरामचे पणजोबा कोकणातून उसावर मजुरीला आलेले. भारतातून मराठी माणसं आली आहेत हे लेकीकडून कळल्यापासून ती दोघं रोज निरोप पाठवत होती. अविनाशला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघंच निघालो.

गुडलँड्सहून बसनं रिव्हिएर दू रांपारला यायचं आणि तिथं बस बदलायची. तिकीट किरकोळ. बस वेळेवर, पण कंडक्टर गावाचं नाव पुकारतो ते कागदावर लिहिलेल्या नावाशी अजिबात जुळत नाही. मी स्पेलिंग पाठ करून गेलो होतो आणि त्याचाच घोळ झाला. आम्ही अलीकडच्याच कुठल्यातरी फाट्यावर उतरलो. दोन्हीकडे डोक्याएवढा ऊस, माणूस नाही, आणि दिशा विचारावी तर सूर्य ढगात. दक्षिण गोलार्धात सूर्य दुपारी उत्तरेकडे असतो, हे मी सुधाला समजावून सांगायला लागलो. ती बॅग उचलून चालायला लागली होती. बॅगेचं हँडल तिच्या खांद्याला रुतत होतं, तेव्हा मी पट्टा काढून त्यात अडकवला आणि बॅग पाठीवर घेतली. तासाभरानं समोरून छत्री घेतलेला एक सडपातळ माणूस घाईघाईनं येताना दिसला. आम्ही गावच्या थांब्यावर उतरलो नाही म्हणून बळीराम आम्हाला शोधायला निघाला होता.

त्याचं घर पत्र्याचं, स्वच्छ, गावापासून जरा आत. मोठ्या रस्त्यावरून येताना एक ओढा लागतो, त्यावर सिमेंटची बुटकी फरशी, कडेला हातभर उंचीचे खांब. घराभोवती वांगी, भोपळे, मिरच्या. रुक्मिणीबाई गुडघ्याखाली येणारा फुलाफुलांचा झगा घालून दारात उभ्या होत्या. त्यांनी सुधाच्या पायावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "कवा निघालासा, बाय? दमली असशील."

मी चमकलो. शब्द आमच्या आजोळच्या गावाकडचे होते. पण पुढचं वाक्य अर्ध्यात वळून क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंच वळणाची बोली, झालं आणि माझ्या हातून निसटलं. रात्रीच्या जेवणापर्यंत हेच चालू राहिलं. ओळखीचा शब्द आला की मी मान डोलवायचो आणि पुढच्याच क्षणी भलत्या गोष्टीला होकार देऊन बसायचो. अशाच एका होकारापायी माझ्या ताटात चौथ्यांदा भात पडला. बसला ते 'बिस' म्हणत आणि पाण्याला 'दिलो'. "दिलो पायजे काय?" असं बळीरामनं विचारलं तेव्हा काय द्यायचं राहिलंय ते मला कळेना. सुधा मात्र चुलीपाशी बसून रुक्मिणीबाईंशी तासन् तास बोलत होती. एरवी आमच्या गल्लीतही ही फारशी कुणाशी बोलत नसे. कोणत्या भाषेत बोलत होत्या कोण जाणे.

रात्रभर पाऊस कोसळला. एप्रिलअखेर तिकडचा पावसाळा सरलेला असतो, असं अविनाशनं कळवलं होतं. सकाळी आम्हाला निघणं भाग होतं, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे विमान. आणि नेमकी अंघोळीनंतर सुधाच्या परकराची नाडी तुटली. दोन तुकडे होऊन ती आतच राहिली, गाठ मारावी तर पुरेना. रुक्मिणीबाईंच्या घरी साड्या सणापुरत्याच निघायच्या आणि परकर इलॅस्टिकचे, सुधाला दोनदा गुंडाळता येतील एवढे. सुधानं दार किलकिलं केलं आणि हात बाहेर काढला. "अहो, पट्टा द्या तुमचा."

पट्टा परकरावर आवळून तिनं वर साडी नेसली. काही दिसत नव्हतं. मी घेवड्याच्या पोत्याची सुतळी पँटच्या लूपांतून ओवली, वर शर्ट सोडला, आणि आम्ही निघालो. पोचवायला बळीराम, रुक्मिणीबाई आणि बॅग घेऊन शेजारचा एक माणूस होता.

ओढ्यापाशी आलो तर फरशी दिसतच नव्हती. तांबडं पाणी तिच्यावरून घोटाभर वाहत होतं, फक्त कडेचे खांब वर. शेजारी राहणारा रोलां तिथं आधीच उभा होता. हा लॉरी चालवायचा, दणकट बांध्याचा, त्याला मराठीचा गंध नव्हता. तो आणि बळीराम हातवारे करत काहीतरी बोलले. बळीरामनं आम्हाला थांबायला सांगितलं आणि छत्रीची दांडी टेकत, पाणी किती आहे ते पाहायला पुढे गेला. मी नको म्हणणार होतो. पण त्यांचं काय ठरलंय हे मला माहीत नव्हतं, आणि सकाळपासून माझं प्रत्येक वाक्य चुकीच्या जागी पडत होतं.

फरशीच्या मध्यावर त्याचा पाय सरकला. छत्री गेली, आणि बळीराम फरशीवरून खालच्या अंगाला घसरला. तिथं काठावरून वाकलेल्या पेरूच्या झाडाची एक फांदी पाण्यात शिरली होती, ती त्याच्या हाती लागली. छातीपर्यंत पाणी, डोकं वर. बॅग घेऊन आलेल्या माणसाला रुक्मिणीबाईंनी दोर आणायला घराकडे पिटाळलं आणि स्वतः खांब धरून पाण्यात उभ्या राहिल्या.

रोलां फरशीच्या कडेला पालथा झोपला. एक हात खांबाभोवती, दुसऱ्या हातानं स्वतःचा पट्टा ओढून काढला आणि बळीरामच्या दिशेनं फेकला. हातभर कमी पडला. दोनदा, तीनदा. मग त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि ओरडला, "सांग! दोन सांग!"

मला शब्द स्वच्छ ऐकू आले. हा माणूस मराठी बोलतोय, हे पहिलं मनात आलं. दोन सांग. म्हणजे काय? बहुतेक एकदम जोर लावायचा असेल आणि मी आकडे मोजायचे असतील. मी पुढे होऊन मोठ्यानं ओरडलो, "एक! दोन!"

रोलांनं डोळे मोठे केले. "सांग! दोन सांग!"

"दोन!" मी पुन्हा ओरडलो.

पेरूची फांदी कडकडली. रुक्मिणीबाई मागं वळून म्हणाल्या, "पट्टा मागतोय त्यो, मास्तर. सांग म्हंजे पट्टा. दोन म्हंजे दे."

मी शर्ट वर केला. सुतळी. क्षणभर मी सुतळीकडे बघतच राहिलो आणि पट्टा कुठं गेला ते मला खरोखरच आठवेना.

सुधा तोवर पाठमोरी झाली होती. तिनं निऱ्यांच्या आत हात घातला, बकल सोडलं, आणि सर्रकन पट्टा ओढून काढला. डाव्या मुठीत साडी-परकर पोटाशी गच्च धरून ती पाण्यातून रोलांपर्यंत गेली आणि उजव्या हातानं पट्टा त्याच्या हातात दिला. रोलांनं एकाचं बकल दुसऱ्यात अडकवलं. एवढ्यात त्याचंच अंग पाण्यानं सरकायला लागलं. मी त्याचे घोटे धरले, तरी तो सरकत होता. तेव्हा सुधा त्याच्या पोटऱ्यांवर बसली. चक्क मांडी घालून, वाहत्या पाण्यात, एका परपुरुषाच्या पायांवर, एका हातानं साडी धरून.

यावेळी पट्टा पोचला. बळीरामनं त्यात कोपर अडकवलं. माझ्या मिरजेच्या पट्ट्याची शिवण करकरल्याचं मला ऐकू आलं, पण ती सुटली नाही. रोलांनं ओढलं, मी रोलांला ओढलं, रुक्मिणीबाईंनी नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर धरली, आणि तो फरशीवर आला. गुडघे सोललेले, एक बूट गायब. दोर घेऊन माणूस आला तेव्हा आम्ही सगळे काठावर चिखलात बसलो होतो.

बळीराम बराच वेळ धापा टाकत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमची बिस चुकली."

रुक्मिणीबाईंनी त्याच्या दंडावर एक चापट मारली आणि क्रिओलमध्ये खूप काही बोलल्या, हसत की रडत ते मला ओळखता आलं नाही. मग त्या सुधाजवळ आल्या, आपल्या डोक्याचा रुमाल सोडला, तिच्या मागे उभं राहून कमरेला बांधला, आणि तिला घरी घेऊन गेल्या.

दुपारनंतर पाणी ओसरलं. रोलांनं आम्हाला लॉरीतून थेट गुडलँड्सला सोडलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. निघताना बळीरामनं माझा पट्टा पुसून, घडी करून पुढे केला. मी हात लांबवला, तर सुधा म्हणाली, "राहू दे तुमच्याकडेच. ओढा तुमच्या दारात आहे."

विमानात ती खिडकीपाशी बसली होती. खाली ते बेट हिरवट ठिपक्याएवढं झालं. मी तिला विचारलं, रुक्मिणीबाई बोलायच्या आधीच 'सांग'चा अर्थ तुला कसा कळला? त्यांनी आदल्या दिवशी शिकवला होता का?

"मला कुठं कळला?" ती म्हणाली. "तो तुमच्या कमरेकडे बघत होता."

मिरजेत परतल्यावर लोकांनी समुद्र, हवा, भाव विचारले. मी सांगत सुटलो, अगदी तुम्हाला सांगतोय तसं. सुधाला कुणी विचारलं की म्हणायची, माणसं चांगली आहेत, पाऊस फार. वर्गात आफ्रिकेच्या नकाशावर तो ठिपका दाखवताना मात्र मुख्य पीक ऊस, एवढं सांगून मी पुढे जायचो. बेट काय कळलं नाही ते नाहीच कळलं, पण पंधरा वर्षं जिच्याबरोबर संसार केला तिच्याबद्दलही मी आता खात्रीनं काही सांगू शकत नव्हतो.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात आम्ही लक्ष्मी मार्केटजवळ पट्टा घ्यायला गेलो. दुकानदारानं माझी कंबर डोळ्यांनी मोजली आणि दोन-तीन पट्टे काढून ठेवले. मी एक निवडला. सुधानं तिथलाच दुसरा उचलला, दोन्ही हातांत ताणून पाहिला, बकलवर अंगठा दाबला.

"हा मला," ती म्हणाली.

दुकानदार म्हणाला, वहिनी, हे जेन्ट्‌सचे आहेत.

"माहीत आहे. एक माणूस लटकला तर शिवण धरेल ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सुधाकडे बघत होतो. ती तोपर्यंत पर्समधून पैसे काढायला लागली होती.