सुशीलाबाईंचे वेलकम पॉइंट

"पॉइंट आले का सायेब?"

सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. शाखेचं शटर नुकतंच वर गेलं होतं आणि सुशीलाबाई माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. हाताला अजून कणीक. त्या आठवड्यातली ही त्यांची चौथी फेरी. मी स्क्रीनवर त्यांच्या कार्डाचं खातं पाहिलं. किराण्याच्या खरेदीचे किरकोळ पॉइंट दिसत होते. ज्यांची वाट पाहत होतो ते नव्हते.

"सिस्टिममध्ये दिसायला वेळ लागतो," मी म्हणालो. बँकेत चोवीस वर्षं काढल्यावर हे वाक्य झोपेतही येतं.

"मनीचे दिवस भरत आले. ते काय तुमच्या सिस्टिमला इचारून थांबायचेत व्हय?"

सुशीलाबाई मूळच्या काष्टीच्या. नवरा गेल्यावर नगरला आल्या आणि एमआयडीसीच्या रस्त्याला त्यांनी खानावळ काढली. चाळीसएक माणसं दोन वेळा जेवायची. त्यात दुपारचा एक मी. मनी, म्हणजे मनीषा, ही त्यांची एकुलती एक मुलगी. जावई फौजेत, पोस्टिंग आसामात. मनीचं पहिलंच बाळंतपण. ते माहेरी व्हायचं ठरलं होतं, पण सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी तिला पलंगावरून उठू नका म्हणून सांगितलं. प्रवासाचं तर नावच नको.

"मंग माहेरच उचलून तिकडं न्यायचं," सुशीलाबाई म्हणाल्या होत्या.

जावयाने विमानाचं तिकीट पाठवतो म्हटलं. त्यांनी साफ नकार दिला. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्याचा खर्च माहेरचा. जावयाच्या तिकिटावर जाऊन लेकीचं बाळंतपण करायचं ही कल्पनाच त्यांना चोरीसारखी वाटत होती. स्वतःचे पैसे होते, पण त्याच उन्हाळ्यात खानावळीचं छप्पर नवीन घातलेलं. रेल्वेने जायचं तर अडीच दिवस, आणि कंबर त्यांची कायमची धरलेली.

नेमकं त्याच महिन्यात आमच्या बँकेने नवं ट्रॅव्हल कार्ड काढलं. पुण्याहून क्लस्टर हेड आले. आठ-दहा जिल्ह्यांच्या शाखा ज्याच्या हाताखाली असतात त्याला क्लस्टर हेड म्हणतात. त्यांनी फीत कापली, समई लावली आणि "नगरचा सामान्य माणूस आता उडेल" असं भाषण केलं. समोर अठरा माणसं होती. त्यातली पंधरा स्टाफची.

योजना सोपी होती. नवं कार्ड घ्या. पहिल्या साठ दिवसांत त्यावर नव्वद हजारांची खरेदी करा. बँक तुम्हाला एकरकमी वेलकम पॉइंट देते, त्यांतून विमानाचं तिकीट निघतं. बँक हे प्रेमापोटी करत नाही. शंभर माणसांतली काही बिलाची तारीख विसरतील आणि त्यांच्या व्याजातून बाकीच्यांची विमानं उडतील, असा हिशोब असतो. सुशीलाबाई तारीख विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. खानावळीचं रिटर्न त्या तीन वर्षं भरत होत्या, त्यामुळे कार्डही मिळण्यासारखं होतं. आणि नव्वद हजारांचा किराणा, तेल, डाळ त्यांना तसंही दीड महिन्यात लागायचं.

मी योजना सांगितली तेव्हा त्यांनी ती बोटांवर मोजून पाहिली. मग म्हणाल्या, "म्हंजे ज्या डाळीवर मी लोकं जेवू घालते, त्याच डाळीवर इमानात बसायचं?"

"तसंच."

"जावयाचं कायच न्हाई त्यात?"

"काही नाही."

"मंग करा सायेब."

किराणा दुकानदार कार्डावर दोन टक्के जादा मागायला लागला. तो दुपारी त्यांच्याकडेच जेवायचा. "मंग म्या बी तुझ्या ताटात दोन टक्के कमी वाढू का रं?" त्यांनी विचारलं. टक्के गेले. पन्नासाव्या दिवशी नव्वद हजार पुरे झाले. त्यांनी मनीला फोन करून सांगितलं, आई विमानानं येतीये.

त्यानंतर रोज तो एकच प्रश्न. पॉइंट आले का? मी रोज म्हणायचो, येतील. तोवर विमानाचे दर दुपटीला गेले. रेल्वेची वेटिंग लिस्टही लांबली. माझ्या 'येतील'वर विसंबून त्यांनी दुसरं कुठलंच तिकीट काढलं नव्हतं.

चौथ्या फेरीनंतर मी मुंबईच्या कार्ड विभागात फोन लावला. पलीकडे एक हुशार मुलगी होती.

"सर, या अकाउंटला वेलकम बोनस एलिजिबल नाही."

"नव्वद हजार झालेत."

"झालेत. पण जॉइनिंग फी भरलेली नाही. वेव्हर कोड टाकलेला दिसतोय. कोणी टाकला?"

"मी."

"मग बोनस कसा येईल सर? फी वसूल झाली तरच बोनस. नियमावलीचं पान चौदा, तळटीप."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. कार्ड घेताना बँक एकदाच फी लावते, या कार्डाला ती तीन हजार होती. महिन्याला दोन-तीन गिऱ्हाइकांची फी माफ करायची, म्हणजे वेव्हर द्यायची, मुभा अधिकाऱ्याला असते. आमच्या नगरात सांगितलेली फी पूर्ण भरणारा माणूस मी पाहिलेला नाही. भरली तर घरी बोलणी बसतात. आणि ओळखीचा साहेब असून त्याने फी माफ केली नाही, तर ओळखीला अर्थ काय? सुशीलाबाईंनी मागितलंही नव्हतं. मीच आपण होऊन, "तुमच्याकडून कसली फी" म्हणत, ऐटीत तो कोड टाकला होता. मी जाडजूड ग्रंथ तळटीपांसकट वाचतो, आणि ते लोकांना सांगतोही. पान चौदा मात्र मी उघडलं नव्हतं.

क्लस्टर हेडना फोन केला.

"सर, वेव्हर रिव्हर्स करा. बाई फी भरतील."

"कुलकर्णी, पॉलिसी इज पॉलिसी."

"चूक माझी आहे सर. कस्टमरची नाही."

"रिक्वेस्ट टाका. पंचेचाळीस वर्किंग डेज लागतील."

"त्यांच्या मुलीला डॉक्टरांनी अकरा दिवसांनंतरची तारीख दिलीय सर."

"मग मुलीकडून फीडबॅक घ्या, आपल्याला उपयोगी पडेल," ते म्हणाले. ते नीट ऐकत नसावेत. निदान मी तसं धरून चाललो.

दुपारी खानावळीत गेलो. गर्दी ओसरल्यावर सगळं सांगितलं. सुशीलाबाई ताटं विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"म्हंजे तुमी माझं तीन हजार वाचवलं."

"हो."

"लई उपकार झाले."

मी म्हणालो, तिकीट मी काढतो, कितीचंही असू दे.

"कशापायी?"

"माझ्यामुळे झालं म्हणून."

"तुमी सायेब हाय. माहेर न्हाई." त्यांनी नळ पुन्हा सोडला. पाण्याच्या आवाजात पुढचं त्या माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळलं नाही. "पोरगी इचारती, आई इमान कुठवर आलं? तिला आता काय सांगू?"

चार दिवसांनी तत्काळमध्ये स्लीपरची एक बर्थ मिळाली, तीही वरची. मनमाडहून गाडी होती. मी सोडायला गेलो. दोन पिशव्या, एक डबा आणि कमरेला पट्टा. खिडकीजवळच्या मुलाने आपली खालची बर्थ बदलून दिली. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मनीषा तारखेच्या आधीच बाळंत झाली. तेव्हा सुशीलाबाई बिहारात कुठेतरी होत्या आणि फोनला रेंज नव्हती. बातमी त्यांना पुढच्या मोठ्या स्टेशनावर कळली. मुलगी झाली होती. त्या पोचल्या तेव्हा नात सोळा तासांची होती. बाळंतपणासाठी आत नेताना मनी 'आई कुठवर आली' असं सारखं विचारत होती म्हणे. हे मला जावयाने फोनवर सांगितलं. सांगायला नको होतं, पण तो सरळ माणूस आहे.

मी मात्र रिक्वेस्ट सोडली नाही. बत्तीस मेल केले. प्रत्येकात चूक माझी असल्याचं लिहिलं, कारण बँकेत एवढं एक कबूल केलं की बाकीची खाती पटकन हलतात. महिन्याने फी लागली आणि दोन दिवसांनी वेलकम पॉइंट जमा झाले. जावयाने त्यांतून गुवाहाटी ते पुणे तिकीट काढलं. सव्वा महिना संपला की सासूबाई विमानाने परत जातील, असं ठरलं.

क्लस्टर हेडना हे कळताच त्यांचा फोन आला. "फर्स्ट फ्लायर फ्रॉम नगर! फोटो हवा. बुके देऊ."

मी म्हणालो, बाईंना विचारतो. विचारलं नाही.

त्या आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी जेवायला गेलो. खानावळ सुरू झाली होती. त्यांनी नेहमीसारखं वाढलं. मी आडून आडून विचारलं, प्रवास कसा झाला?

"सकाळी नातीला न्हाऊमाखू घातलं. सांजच्याला पुन्यात हुते." त्यांनी आमटी वाढली. "हाताला तेलाचा वास तसाच हुता, आन् पोरगी दोन हजार मैल लांब."

मी आमटीत भाकरी कुस्करली.

"जाताना घाई हुती सायेब. येताना मला कुठं जायाचं हुतं एवढ्या लवकर? गाडीनं आले असते, तर अडीच दिस तरी हळूहळू सुटलं असतं."

त्यांनी भाकरी टाकली आणि पुढच्या ताटाकडे गेल्या.

मी आता निवृत्त आहे. ओळखीचे लोक अजून विचारतात, कुलकर्णी, कार्ड घेतोय, फी माफ करून मिळेल का? मी सांगतो, मिळेल. पण फी माफ झाली की काय जातं, ते आधी विचारून घ्या.