बासष्टवर थांबलेला आकडा

"मॅडम, मंगळवारचं सकाळी अकरा ते दुपारी दीडचं रीडिंग काढून द्या. प्रिंटवर तुमची सही लागेल," प्लांट हेड जाधव साहेब म्हणाले. चितेगावजवळच्या त्या केमिकल कारखान्यात मंगळवारी दीड वाजता एका रिअ‍ॅक्टरचं म्हणजे रसायनं तापवायच्या बंद टाकीचं तापमान बेसुमार वाढलं, झाकण घट्ट बसवणारं गॅस्केट फुटलं आणि ऑपरेटर सलीमभाईंचे दोन्ही हात भाजले. ते रुग्णालयात होते आणि निष्काळजीपणाची नोटीस त्यांच्या घरी पोचली होती.

तिथला डेटाबेस मी बसवला होता. नोएसक्यूएल जातीचा. नेहमीचा डेटाबेस छापील फॉर्मसारखा असतो, रकाने आधीच ठरलेले. या कारखान्यात प्रत्येक मशीन वेगळ्या प्रकारची माहिती पाठवायचं. ती जशी येईल तशी ठेवून घेणारा डेटाबेस हवा होता. तो दर सेकंदाला रीडिंग साठवायचा आणि त्यातला शेवटचा आकडा कंट्रोल रूममधल्या स्क्रीनवर नवा येईपर्यंत दिसत राहायचा. धोक्याची घंटाही त्याच आकड्यावर वाजणार होती.

मी लॉगिन केलं. डेटाबेस बंद होता. लॉगमधली शेवटची ओळ, मंगळवार अकरा वीस: डिस्क भरली.

हे शक्य नव्हतं. रीडिंगसाठी वेगळी, प्रचंड डिस्क होती. मी तपासलं. ती डिस्क जवळपास रिकामी पडून होती आणि सगळं रीडिंग सर्व्हरच्या मूळ, छोट्या डिस्कवर साठलं होतं.

मग मला उद्घाटन आठवलं.

लिनक्समध्ये डिस्क नुसती बसवून भागत नाही, ती एका फोल्डरला जोडावी लागते. मी ती कमांड देऊन जोडली होती. अशी जोडणी सर्व्हर बंद होईपर्यंतच टिकते. कायम हवी तर एका ठरलेल्या फाइलमध्ये एक ओळ लिहायची. ती मी चाचण्या संपल्यावर लिहिणार होते. तेवढ्यात मालकांची तारीख मिळाली. 'डिजिटल युगात पदार्पण' असा फलक लागला, सर्व्हरला झेंडूचा हार घातला गेला.

"सर्व्हर आधी बंद करा," जाधव साहेब म्हणाले होते.

"आठ दिवस चालूच आहे की साहेब."

"तेच सांगतोय. मालकांनी बटण दाबल्यावर काहीतरी चालू व्हायला नको का? का नुसतंच दाबायचं?"

मी हसले आणि सर्व्हर बंद केला. मालकांनी बटण दाबलं, स्क्रीनवर आकडे आले, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. डिस्क सुटली होती, पण फोल्डर जागेवर होता. डेटाबेसने तक्रार न करता त्यातच नव्याने लिहायला सुरुवात केली. चाचणीचं जुनं रीडिंग गायब झालेलं कुणाला जाणवलं नाही. मी ती ओळ विसरले.

थोडी जागा करून मी डेटाबेस सुरू केला. त्या रिअ‍ॅक्टरची शेवटची नोंद: अकरा वीस, बासष्ट अंश.

जाधव साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तांत्रिक कारणाने डेटा उपलब्ध नाही, एवढंच लिहा. तुमचं नाव कुठं येणार नाही."

"आणि सलीमभाईंचं?"

"त्यांची चौकशी वेगळी आहे."

संध्याकाळी रुग्णालयात गेले. सलीमभाई मूळचे पैठणचे, एकोणीस वर्षं रिअ‍ॅक्टरवर. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्टीत. मी विचारण्याआधीच बोलू लागले.

"स्क्रीनवर बासष्टच होतं ओ मॅडम. मी काय आंधळा हाय का? पहिलं आम्ही दर अर्ध्या तासाला वर जाऊन काटा बघायचो, रजिस्टरला लिहायचो. मग तुमचं मशीन आलं. साहेब म्हणले, आता वर जायाचं काम नाय. पाइप वाजायला लागले म्हणून मी गेलो वर."

प्रक्रियेच्या त्या टप्प्यावर तापमान साठ ते पासष्टच्या आतच धरून ठेवतात. दोन तास बासष्ट दिसलं तर कुणाला शंका यावी?

"सलीमभाई, स्क्रीन अकरा वीसलाच थांबली होती. चूक माझी आहे."

त्यांची बायको पाण्याचा ग्लास हातात धरून तशीच उभी होती.

"मग ते लिहून द्या मॅडम," ते म्हणाले. "तोंडी सांगून माझ्या काय कामाचं?"

दोन पानं लिहिली, सही केली. उद्घाटनाचा परिच्छेद गाळावा असं जाधव साहेबांनी सुचवलं. मी तो ठेवला. चौकशी समितीने माझी चूक नोंदवून घेतली आणि उद्घाटनाचा उल्लेख 'नियोजित शटडाउन' असा केला. माझं कंत्राट रद्द झालं. सलीमभाईंची नोटीस मागे घेतली गेली. त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. आता ते स्टोअरला असतात.

हल्ली मी कुठेही डेटाबेस बसवला की तो ताब्यात देण्याआधी सर्व्हर स्वतः एकदा बंद करून चालू करते. आणि स्क्रीनवर प्रत्येक आकड्याशेजारी तो किती वाजताचा आहे, हे दाखवायला लावते. स्क्रीन गिचमिड दिसते, अशी बहुतेक साहेबांची तक्रार असते.