चाकूरचे पाव्हणे

बेशुद्ध माणसालाही गावाच्या नावानं हाक मारल्याशिवाय गिरजामावशी हात लावत नसत. लातूरच्या आमच्या अतिदक्षता विभागात रुग्णांची अंगं पुसणं, चादरी बदलणं हे त्यांचं काम. "औशाचे पाव्हणे, कूस बदलतेय मी तुमची. बाहेर ऊन लई हाय बरं का." पाव्हणे व्हेंटिलेटरवर! मी नवा डॉक्टर, शहाणपण उतू चाललेलं. म्हणालो, "मावशी, त्यांना ऐकू येत नाही."

"कुनी सांगितलं तुमाला? त्यांनी?"



मग मुरुडचे किराणा दुकानदार अप्पा आले. न्यूमोनिया बराच आटोक्यात आला, गुंगीचं औषध बंद करून तीन दिवस झाले, तरी अप्पा डोळे उघडेनात. तपासण्या ठीक होत्या. पण नातेवाइकांनी "घरी नेऊ" असा धोशा लावला, आणि आमच्याकडे घरी नेणं म्हणजे आशा सोडणं, हे सगळ्यांना कळतं. त्यांची मुलगी महानंदा एकटीच अडून बसली होती. "डॉक्टर, उठतील का हो अप्पा?" मी नुसतं "वाट बघू" म्हणालो. मला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी मावशी ओला टॉवेल घेऊन आल्या. "चाकूरचे पाव्हणे, उठा की."

"मावशी, मुरुडचे ते," मी शेजारच्या खाटेजवळून सांगितलं.

"न्हाई वो, चाकूरचेच. तोंडावरूनच कळतं. चाकूरची मानसं झोपाळू."

अप्पांचं बोट हललं. मग मनगट. मग अख्खा हात गादीवरून वर आला आणि 'नाही, नाही' करू लागला. डोळे उघडले, ते रागानं लाल! घशात नळी, नाहीतर मावशींची काही खैर नव्हती. मी वाकून विचारलं, "अप्पा, गाव मुरुड ना?" त्यांनी ठासून होकारार्थी मान हलवली. महानंदाला आत बोलावलं, तर ती एका डोळ्यानं हसत होती, एका डोळ्यानं रडत होती. पुढं नळी निघाल्यावर अप्पा पहिला शब्द बोलले तो "मुरुड".

"मावशी, तुमच्याकडून कुणाचं गाव कधी चुकत नाही, अप्पांचंच कसं चुकलं?" मी नंतर विचारलं.

"चुकतंय कशाला? सरळ हाकंला उठंना, म्हनून वाकडी मारली. मानूस दुखनं सोसतंय, पर दुसऱ्याचं गाव न्हाई सोसत."

गेल्या वर्षी मावशी निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, हूं नाही की चूं नाही. सगळ्यांनी आग्रह केला, पण बोलायला तयार होईनात.  शेवटी मी उठलो आणि म्हणालो, "आमच्या नांदेडच्या गिरजामावशी..."

पदर खाली आला. "नांदेडच्या? निलंग्याची हाय मी, डॉक्टर, निलंग्याची!"

सगळा विभाग हसला. डाव कळला तशा मावशीही हसल्या, आणि मग निलंग्यापासून सुरुवात करून चांगला अर्धा तास बोलल्या.