चंद्रावर पाणी शिंपडणाऱ्या मावशी

विद्यापीठाच्या कार्यशाळेत मावशींचं काम झाडलोटीचं. पण पाच पोरांनी चंद्रावर चालणारी गाडी बनवायला घेतली आणि मावशींच्या वाट्याला चंद्र आला.

गाडी चालवून बघायला तिथल्यासारखी माती हवी. पोरांनी दगडाची भुकटी आणली, मावशींनी ती पिठाच्या चाळणीनं चाळून लाकडी हौदात भरली. रोज सकाळी कोणी यायच्या आत त्या आदल्या दिवशीचे चाकांचे चर बुजवत आणि फळी फिरवून हौद सपाट करत. फिरवता फिरवता तंद्री लागे. झरोक्यातून तिरपं ऊन येई, राखाडी जमीन पसरत पसरत भिंतींपलीकडे जाई. वाटे, आपण तिथंच उभ्या आहोत. वारा नाही, आवाज नाही, फक्त आपण आणि देव. सून घरी हसायची. सासूबाई चंद्रावर राहायला गेल्यात, तिकडे धुणं लवकर वाळतं का ते विचारा, म्हणायची.

गाडी गुणी निघाली. झोकात हौद पार करायची. परीक्षकांसमोर असाच पार केला की पुढच्या मोठ्या चाचणीला जाणार होती. आठ दिवस उरले होते.

पोरांची म्होरकी एक सडपातळ मुलगी. तिला सगळे कप्तान म्हणत. त्या दिवशी चहा पिता पिता ती मावशींना सांगू लागली, की आपली गाडी उतरेल तिथली धूळ ठणठणीत कोरडी, पाण्याचा अंश नाही.

मावशींच्या हातातला कप तसाच राहिला. धुळीनं कप्तानला ठसका लागे, पोरीचा जीव गुदमरे. म्हणून दोन महिने त्या फळी फिरवण्याआधी हौदावर पाणी शिंपडत होत्या. वरचा थर दहा वाजेपर्यंत सुके, खालची माती ओल धरून घट्ट राही.

गप्प राहिलं तर कोणाला कळणार नव्हतं. परीक्षकही याच हौदावर बघणार होते. देवाला विचारावंसं वाटलं, पण उत्तर काय येणार ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

"कप्तान, मी रोज पाणी मारते गं."

"कशावर?"

"चंद्रावर."

कप्तान हसली, मग तिचं हसू विरलं. तिनं हौदात कोपरापर्यंत हात खुपसला. खालून काढलेली माती मुठीच्या आकाराची तशीच राहिली. एक पोरगा पुटपुटला, राहू दे की ओली, आठ दिवसांत काय होणार? कप्ताननं फावडं उचललं.

माती भट्टीत भाजून सुकवली. गाडी दोन हात गेली आणि पोटापर्यंत रुतली. मावशींना मान वर करवेना. पण पोरं त्यांना एका शब्दानं बोलली नाहीत. रुंद, पात्यांची नवी चाकं कापायला बसली.

परीक्षेच्या सकाळी गाडी निघाली ती म्हातारं माणूस जिना चढतं तशी. मध्यावर कलली, चाकं जागच्या जागी फिरू लागली. मावशींनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा मागच्या एका चाकाला कुठंतरी पकड मिळाली होती.

टाळ्या वाजल्या का, मावशींना आठवत नाही. धूळ उन्हात बराच वेळ तरंगत होती, भिंती दिसत नव्हत्या. तिच्यातून कप्तान खोकत खोकत आली आणि त्यांच्या खांद्याला टेकली.

"मावशी, पोचलो."