हवा तपासून घेणारा माणूस

आमच्या ओळखीचे सिंगापुरातल्या सेम्बावांगचे चीफ म्हणजे हवेवर विश्वास नसलेला जगातला एकमेव सज्जन. तुमच्या-माझ्यासारखे लोक हवा आहे असं धरून चालतात. चीफना ती आधी सिद्ध करून हवी असते. जहाजांच्या पोटात चीफ इंजिनिअर म्हणून चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हा अधिकार आहे, हे मी मान्य करतो. पण निवृत्त झाल्यावरही शर्टाच्या खिशात उदबत्त्या बाळगायच्या, कोणत्याही खोलीत शिरताच एक पेटवायची आणि धूर कुठे जातो ते पाहिल्याशिवाय बूड टेकायचं नाही, हे जरा जास्तच. एकदा ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडपात, त्यांनी अशीच उदबत्ती पेटवून टेबल निवडलं. शेजारच्या स्टॉलवरच्या चिनी आंटीला वाटलं, अंकलची पूजा आहे. तिने आदराने एक संत्रं आणून समोर ठेवलं. चीफनी ते नमस्कार करून घेतलं आणि सोलून आम्हा सगळ्यांना वाटलं.

चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते पहिल्यांदा आले, तेव्हा हॉल, किचन सोडून थेट शेल्टरपुढे उभे राहिले. ही जाड भिंतींची, लोखंडी दाराची खोली इथे घराघरांत असते. युद्धासाठी बांधलेली, पण आम्ही तीत तांदूळ आणि सुटकेसा ठेवतो. मी तांदळाची पिशवी काढायला आत वाकलो, तर चीफ दारात.

"तुम्ही काढा तांदूळ. मी आहे इथे," ते म्हणाले. आणि लगेच, "आहात?"

"कुठे जाणार? आहे की!"

"नुसतं 'आहे' म्हणा. जास्त बोललात तर श्वास वाया जातो."

जहाजावर कुणी टाकीत उतरला की एक माणूस तोंडाशी उभा राहतो, हाका मारत राहतो आणि काही झालं तरी जागा सोडत नाही, अशी पद्धत. ती त्यांनी आमच्या पाच किलो बासमतीलाही लावली. माझी मुलगी म्हणाली, "अंकल, इट्स ओन्ली राइस, ला." सौभाग्यवती मात्र हसली नाही. ती त्या दारातल्या माणसाकडे नुसती बघत राहिली.

त्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी एका इमारतीच्या लिफ्टमध्ये ती अडकली होती. दिवा गेला, पंखा बंद पडला, आणि हवा संपणार हे तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. विमानाला ती भीत नाही, कारण डोक्यावरच्या भोकातून वारा येत असतो. पण लिफ्ट बंद. आम्ही सहाव्या मजल्यावर राहतो. भाजीच्या पिशव्या घेऊन ती जिना चढते आणि "व्यायाम होतो" म्हणते.

शाळेच्या सहलीत वेरूळ पाहिल्यापासून तिला लेण्यांचं वेड. तुर्कस्तानात कप्पाडोकिया म्हणून उघडाबोडका, वाळलेला मुलूख आहे. तिथल्या मऊ दगडाच्या सुळक्यांत माणसांनी घरं कोरली, चुली कोरल्या, रंगवलेली देवळं कोरली. ते पाहायचं तिच्या फार मनात होतं. गेल्या जूनच्या सुट्टीत आम्ही तिघं निघालो, आणि चौथे चीफ. "उभ्या जन्मात बंदरं पाहिली, पण कुंपणाबाहेरचं गाव पाहिलं नाही," असं ते म्हणाले, म्हणून मीच आग्रह केला.

पहिले दोन दिवस ही प्रत्येक गुहेच्या बाहेर उभी. आम्ही आत जाऊन यायचो, ती म्हणायची, "बाहेरूनही छान दिसतंय." एवढ्या लांब येऊन ती भिंतींना बाहेरून हात लावत होती, आणि मला ते बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी एका ओसाड दरीत असंच एक कोरलेलं घर लागलं. बाहेर काजळलेलं स्वयंपाकघर, मग वाकून जायची वळणाची वाट, आणि आत चित्रांची खोली. चीफ एकटेच आत शिरले. बऱ्याच वेळाने बाहेर आले ते दगडाच्या धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरे होऊन.

"वहिनी, इकडे या," म्हणून त्यांनी तिला चुलीपाशी नेलं, उदबत्ती पेटवली. धूर सरळ वर गेला आणि छतातल्या भोकात नाहीसा झाला. "शेकडो वर्षं झाली, अजून ओढतंय. कोरणारा माणूस शहाणा होता. आतल्या खोलीलाही असंच भोक आहे. तिथे चित्रं आहेत म्हणून उदबत्ती नाही लावली, पण हात धरून पाहिला. वारा लागतो."

"तुम्ही दारातून हलणार नाही ना, भाऊजी?"

"उभा असताना आजवर हललो नाही."

ती वाकली आणि आत गेली.

"वहिनी?"

"आहे."

"वहिनी?"

"आहे." आवाज लांब गेला होता.

"वहिनी?"

काही नाही. मी पुढे झालो, तर चीफनी माझा दंड धरला. "एकाच्या मागे दुसरा धावला की दोघं जातात. आधी आवाज." आणि इंजिनाच्या गोंगाटावर मात करणाऱ्या आवाजात त्यांनी अशी हाक मारली की समोरच्या कड्यावरची कबुतरं उडाली.

"अहो, थांबा जरा," आतून त्रासलेला आवाज आला. "वर बघतेय ना मी."

मुलगी हसत खाली बसली. चीफ हसले नाहीत. फक्त माझा दंड सोडला. बोटं उमटली होती.

ती बाहेर आली तेव्हा गाडीवाला घाई करत होता. मी चीफना विचारलं, "छत कसं होतं हो?"

"छत? मी भोक पाहिलं," ते म्हणाले.

या जानेवारीत ते सेम्बावांगची खोली सोडून गुहागरला कायमचे गेले. त्या हाकांचे पैसे कसे द्यावेत, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं. विमानतळावर हिनेच ते दिले: छत आठवून, रंगवून काढलेलं एक चित्र. चीफनी ते चष्मा काढून, लावून, पुन्हा काढून पाहिलं.

"भोक बरोबर जागी दाखवलंय," एवढंच बोलले, आणि आत निघून गेले.

घरी आल्यावर ही लिफ्टपुढे थांबली. मला म्हणाली, "तुम्ही इथे उभे राहा." दार मिटलं. मी हाक मारली. दुसऱ्या मजल्यापर्यंत तिचं "आहे" ऐकू आलं. पुढचं आलं नाही, तरी मी जागा सोडली नाही.