बर्फाच्या नदीची ओटी

ये, अशी जवळ सरक. दारात काय उभी राहतेस परक्यासारखी? आणि तो फोन आधी पालथा घाल. मी बोलायला लागले की तुम्हा पोरींचे अंगठे चालू होतात. चहा जरा उशिरा मिळेल, आज माझं डोकं तापलंय.

बकरी ईदच्या सुट्टीत आमच्या दुबईतल्या अल बर्शाच्या बिल्डिंगमधली चार मराठी कुटुंबं मिळून जॉर्जियाला गेलो होतो. इथल्या लोकांचं ठरलेलंच आहे, सुट्टी लागली की विमानात बसायचं आणि बर्फ बघून यायचं. मुलगा म्हणाला, "आई, तुला ग्लेशियरची नदी दाखवतो." मी मनात म्हटलं, दाखव बाबा, मला नदी हवीच आहे.

का हवी होती ते ऐक. जानेवारीत नातीला न्यूमोनिया झाला. नऊ वर्षांची पोर, आठ दिवस हॉस्पिटलात, नाकाला नळी. सून आत बसायची, मी बाहेर कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर. तिथे मी नवस बोलले, पोर घरी येऊ दे, जी पहिली वाहती नदी दिसेल तिची मी माझ्या हातानं ओटी भरीन. माझ्या माहेरी नदीलाच नवस बोलायचे. पण दुबईत नदी आणायची कुठून? नळाला येतं तेही समुद्राचं गोडं केलेलं पाणी. मग काय, नळाला खण बांधू?

पोर खडखडीत बरी झाली. म्हणून स्वेटरांच्या घड्यांत खण, तांदूळ, हळदकुंकू आणि एक नारळ बांधून नेला. मुलगा कुरकुरत होता, "आई, एअरपोर्टवर अडवतील." एअरपोर्टवर कुणी अडवलं नाही. अडवलं ते आपल्याच माणसांनी.

तिसऱ्या दिवशी त्या दरीत पोचलो. दोन्हीकडे हिरवे डोंगर, त्यांच्या माथ्यावर पांढरं, आणि मधून ती. मला वाटलं होतं, फोटोत असते तशी निळीशार असेल. तर ती तांदळाच्या धुवणासारखी, राखाडी, गढूळ. गाइड म्हणाला, वरची हिमनदी सरकताना खालचा खडक दळत आणते, त्याचं पीठ पाण्यात उतरतं. जात्यावर बसलेली बाई कशी पिठानं माखलेली असते, तशीच दिसली मला ती. आणि आवाज काय! तळाशी धोंडे एकमेकांवर आपटत होते, ते वर ऐकू येत होतं.

मी बूट काढले, ताटली हातात घेतली. तेवढ्यात आमच्याबरोबर आलेली चौथ्या मजल्यावरची पुढे झाली. बाई मोठी हुशार हो. रोज सकाळी स्वतः गाडी चालवत थेट शारजाच्या हमरिया फ्री झोनला कामाला जाते, ऑफिसातल्या पुरुषांच्या रजा मंजूर करते. ती म्हणते, "काकू, थांबा. तुम्ही नाही ना भरायची. ओटी सवाष्णीनं भरायची असते."

आमचे हे जाऊन चार वर्षं झाली, तुला माहीतच आहे.

मी मुलाकडे बघितलं. तो नदीकडे असा बघत होता जणू आयुष्यात पाणीच पाहिलं नव्हतं. सून पुढे झाली. "आई, द्या इकडे, मी भरते. पोरीचा प्रश्न आहे, उगाच मनात काही राहायला नको." तिनं ताटली घेतली, आणि मी सोडली! राग कुणाचा येतो विचारशील तर आधी ह्या माझ्या हातांचा. चार वर्षं लोकांच्या हळदीकुंकवाला आत ओट्यापाशी पन्हं ओतत बसले, त्याची सवय लागली हातांना.

सून दगडांवरून खाली उतरली आणि तिथून ओरडली, "आई, आधी खण की आधी तांदूळ?"

माझं टाळकंच फिरलं. "का गं? माझं तोंड चालतं तुम्हाला, हात चालत नाहीत?"

नात म्हणाली, "बट मम्मा, प्रॉमिस आजीचं होतं ना? देन व्हाय आर यू डुइंग इट?" मुलानं तिला दटावलं.

मी बसत, सरकत, दगडाला धरत खाली निघाले. चौथ्या मजल्यावरची मागून म्हणाली, "काकू, हट्ट नका करू. लेकराच्या जिवावर कशाला?"

मी वळले. "लेकराच्या जिवावर बेतलं होतं तेव्हा त्या कॉरिडॉरमध्ये मी बसले होते. तेव्हाही विधवाच होते."

सुनेनं ताटली पुढे केली नाही, घट्ट धरूनही ठेवली नाही. मी घेतली. खण, पाच मुठी तांदूळ, हळदकुंकू, नारळ. पाणी इतकं गार की बोटं माझी राहिली नाहीत. खण तर नदीनं ओढूनच नेला.

गाडीत मुलगा म्हणाला, "आई, सगळ्यांसमोर सीन करायची काय गरज होती? आता झालं ना, खलास."

खलास कसलं! घरी येऊन दोन महिने झाले. पोरीला दोन शिंका आल्या तरी सून माझ्याकडे बघते. गेल्या आठवड्यात पोरीला सर्दी झाली, साधी एसीची सर्दी, तर मीच देवापुढे उभी राहिले, माझंच तर काही चुकलं नाही ना म्हणून. बघ, इतकं बोलून, इतकं भांडून मीसुद्धा घाबरले. ह्याच्यासारखा संताप दुसरा नाही. ती भीती माझ्या पोटात कुणी घातली?

म्हणून ठरवलंय, यंदा श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी हळदीकुंकू मी करणार. दूध-फुटाणे माझ्या हातचे, येईल तिची ओटीही मीच भरणार. मुलगा म्हणतो, "येणार कोण?" सून हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. चौथ्या मजल्यावर मी स्वतः जाऊन बोलावणं केलं, तिनं दारातूनच "बघते" म्हटलं.

तू मात्र बघते म्हणू नकोस. अबुधाबी काही सातासमुद्रापार नाही. तुझ्या सासूबाईंनाही आण, त्या बिचाऱ्या माझ्यासारख्याच आत बसतात. लवकर ये गं, अगदी पहिली ये.